स्टिलहेमची फळी

१

स्टिलहेम गावात अकरा घरं आहेत आणि अकराही घरांना दोन-दोन दारं आहेत. पुढचं दार रस्त्याकडे, हिरव्या रंगाचं, पितळी मुठीचं. त्यातून नवरी आत येते आणि शवपेटी बाहेर जाते. एरवी ते बंद. बाकी सगळं येणंजाणं मागून, गोठ्यातून. डॉक्टर असो, पाद्री असो की निवडणुकीला उभा राहिलेला उमेदवार असो, त्याने गोठ्याच्या दाराशी पायातलं काढायचं आणि मोज्यांवर आत यायचं. पुढच्या दारावर कुणी टकटक केलीच तर तो शहरातला असतो, नाहीतर काहीतरी विकायला आलेला असतो.

हार्मके एकेचाळीस वर्षांपूर्वी अशाच एका दारातून आत आली होती. त्यानंतर ते दोनदा उघडलं, एकदा सासऱ्यांसाठी आणि एकदा सासूबाईंसाठी. आता तिसरी पाळी कुणाची, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. तिच्या नवऱ्याचं, रेंडर्टचं, हृदय सप्टेंबरात थकलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण आडपडदा ठेवणाऱ्या नव्हत्या. "ख्रिसमस बघतील," त्या म्हणाल्या, "ईस्टरचं मी काही सांगत नाही."

जिने चढणं बंद झालं म्हणून रेंडर्टचा बिछाना खाली पुढच्या खोलीत आला. रोज दुपारी तीन वाजता त्याला बिछान्यातून उचलून खिडकीजवळच्या खुर्चीत बसवायचं, तासाभराने परत निजवायचं. रेंडर्ट सहा फुटांचा गडी आणि हार्मके त्याच्या खांद्याला कशीबशी लागणारी. तेव्हा कालव्यापलीकडच्या फोकोला बोलवावं लागे. फोको हा त्यांचा पहिला शेजारी. इकडे पहिला शेजारी म्हणजे नुसता जवळ राहणारा नव्हे. घरात आजारपण आलं, मरण आलं, की सख्ख्या भावाच्या आधी त्याने यायचं असतं.

फोकोकडे फोन होता, पण फोको तो पावाच्या डब्यात ठेवायचा. चोर तिथे बघत नाहीत, असं त्याचं म्हणणं. म्हणून हार्मकेने जुनी पद्धत काढली. शेतावरच्या माणसांना जेवायला हाक मारायची म्हणून इथल्या बायका गोठ्याच्या वळचणीला एक फळी टांगून ठेवत आणि लाकडी हातोड्याने ती वाजवत. सासूबाईंची फळी केव्हाच कुजली होती. तिच्या जागी रेंडर्टने, कालवा उपसताना गाळात सापडलेली एक काळीकुट्ट ओकची फळी टांगली होती. सासूबाई तीन ठोके सावकाश द्यायच्या. हार्मकेला तेवढा धीर नव्हता. ती हातोडा उचलायची आणि दम न घेता पटापट पटापट वाजवत सुटायची, पूल ओलांडून येणारी फोकोची टोपी दिसेपर्यंत.

२

रेंडर्ट सगळा जन्म शाळामास्तर होता, आणि त्यातली तीस वर्षं तो एकच पुस्तक लिहीत होता: स्टिलहेमच्या मठाचा इतिहास.

मठ म्हणावं तर तिथे काही नव्हतं. गावामागे कुरण होतं, त्यात मेंढ्या होत्या. सातशे-आठशे वर्षांपूर्वी सिस्टरशियन पंथाचे ख्रिस्ती संन्यासी इथे चिखलात आले, त्यांनी बांध घातले, समुद्र मागे लोटला, हातभर लांबीच्या विटा भाजून आकाशाएवढं देऊळ उभं केलं. मग देशाचा ख्रिस्ती पंथ बदलला, मठ मोडला, आणि गावकऱ्यांनी विटा गाड्यांवर घालून नेल्या. हार्मकेचं स्वयंपाकघर त्याच विटांचं होतं, फोकोची डुकरंसुद्धा त्याच विटांमागे झोपायची. संन्याशांचं काय झालं, याचा मात्र एका ओळीचाही कागद सापडत नव्हता. कुणी म्हणे जर्मनीत गेले. रेंडर्ट म्हणायचा, "चाळीस माणसं एखाद्या रस्त्याने गेली, की कुठेतरी कुणीतरी लिहून ठेवतंच. यांचं कुणीच कसं लिहिलं नाही?"

आता शेवटचं प्रकरण राहिलं होतं. त्याचा हात थरथरायचा, म्हणून खुर्चीत बसल्यावर तो सांगायचा आणि हार्मके लिहून घ्यायची. आणि इथे ती लबाडी करायची. आज डोळे चुरचुरतात, आज पेन नीट चालत नाही, आज सूप उतू जाईल. एका दुपारी एक पान, कधी अर्धंच. पुस्तक संपलं की हा संपणार, असं तिच्या मनाने घेतलं होतं. शहाण्यासुरत्या बाईने असं मानू नये हे तिला कळत होतं, आणि तरी ती रोज पेन हरवत होती.

नोव्हेंबरच्या मध्यावर एके दिवशी फोको आला, त्याने रेंडर्टला खुर्चीत बसवलं, आणि हार्मके कॉफीचं दूध आणायला गोठ्यात गेली. दाराशी फोकोचे लाकडी बूट नेहमीसारखे भिंतीला टेकवलेले होते. त्यांच्या शेजारी फरशीवर दोन ओले ठसे होते. टाचा भिंतीकडे, बोटं आतल्या बाजूला. कुणीतरी बुटांच्या रांगेत आपली पायरी सांभाळून उभं राहावं तसे.

"फोको, तुझ्याबरोबर कोण आलं होतं?" तिने आत येऊन विचारलं.

"भूक," फोको म्हणाला. "केक आहे ना आज?"

३

दुसऱ्या दिवशी ठसे चार होते. आठवड्याने ते तिला मोजता येईनात, कारण एकमेकांत मिसळून गोठ्याच्या दारापासून बोळाच्या तोंडापर्यंत सगळी फरशीच ओली असायची.

हार्मके भाबडी नव्हती. तिने छताखाली बादल्या ठेवून पाहिल्या, त्या कोरड्या राहिल्या. या विटा ओल धरतात, हे तिला माहीत होतं. जमिनीखालचा गॅस काढायला लागल्यापासून इथल्या घरांना हादरे आणि चिरा नव्या नव्हत्या. एखादी चीर पडली असेल, त्यातून पाणी वर येत असेल. हे तिने स्वतःला नीट पटवलं आणि फरशी पुसली. पुसताना पोतेऱ्याला वास आला तो ओल्या लोकरीचा. मेंढ्या कुरणात होत्या आणि कुरण तर चार शेतांपलीकडे.

मग बोळाचं सुरू झालं. गोठ्यातून पुढच्या खोलीकडे जाणाऱ्या बोळाला लाकडी जमीन आहे. माणूस चालत गेला की ती करकरते, हे खरं. पण माणूस तिच्यावर बराच वेळ उभा राहिला आणि त्याने एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला, तर ती वेगळं कुरकुरते, अगदी बारीक. एकेचाळीस वर्षं त्या घरात काढलेल्या बाईला हा फरक कळतो. हार्मके स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसायची आणि बोळातून ती बारीक कुरकुर यायची. एकदा इथे, मग जरा पलीकडे, मग दाराशी. घाईची नाही, त्रासिक नाही. वाट बघणाऱ्या माणसांची असते तशी. ती उठून बघायची तर बोळ रिकामा. परत येऊन बसली की दोनेक मिनिटांनी पुन्हा.

डिसेंबरच्या सुरुवातीला तिने फोकोला म्हटलं, "मी फळी जरा कमी वाजवू का? रोज इतका दणका म्हणजे तुला वैताग येत असेल."

फोको केक चावायचा थांबला. "कसला दणका?"

"अरे, तीन वाजता वाजवते ती."

"हार्मके, मी सत्तरीचा आहे आणि वारा महिनाभर समुद्राकडून आहे. तुझी फळी मी या हिवाळ्यात एकदाही ऐकलेली नाही. मी आपला घड्याळ बघून येतो." मग तिचा चेहरा बघून तो हसला. "वाजव की. व्यायाम होतो हाताला."

तो गेल्यावर हार्मके ओट्याला धरून उभी राहिली. गेला महिनाभर ती रोज जिवाच्या आकांताने कुणालातरी बोलवत होती, आणि ज्याला बोलवत होती त्याला ते ऐकूच जात नव्हतं.

४

त्याच आठवड्यात रेंडर्टने शेवटचं प्रकरण संन्याशांच्या मरणापाशी आणलं. तो त्या दुपारी खुशीत होता, गालांवर रंग होता.

"लिही," तो म्हणाला. "मठात बोलायला बंदी होती. गरजेपुरतं हातांनी खुणा करून सांगायचं. घंटा प्रार्थनेची. पण एखादा भाऊ जायला लागला की घंटा नव्हे. आजाऱ्यांची खोली सांभाळणारा बाहेर यायचा आणि टांगलेली एक लाकडी फळी वाजवायचा. सावकाश नाही हं. पटापट, न थांबता. ती ऐकली की ज्याच्या हातात जे असेल ते तिथेच टाकून, बांधावर असो की शेतात असो, सगळ्यांनी धावत यायचं. मठात धावायला परवानगी फक्त दोन वेळा. आग लागली तर, आणि ही फळी वाजली तर." तो दम घ्यायला थांबला. "लिहितेस ना?"

"लिहिते."

"मग जाणाऱ्याला बिछान्यावरून उचलायचं. जमिनीवर राखेचा क्रूस आखायचा, त्यावर गोणपाट टाकायचं, आणि त्याच्यावर त्याला निजवायचं. आणि सगळे भोवती उभे. तो जाईपर्यंत कुणी हलायचं नाही. दोन तास लागोत, दोन दिवस लागोत. एकट्याने कुणी मरायचं नाही, असा नियमच होता त्यांचा." त्याचे डोळे चमकले. "हार्मके, आपली फळी! गोठ्यातली! मधोमध झिजून खळगा पडलाय तिला, बघितलास? जेवायची हाक मारून ओक इतकं झिजत नाही. मी वीस वर्षं ती डोळ्यांसमोर टांगून ठेवली आणि मला कळलं नाही. कसला इतिहासकार मी!"

तो इतका हसला की त्याला खोकला आला. हार्मकेने त्याला पाणी पाजलं. त्या खळग्यातच तिचा हातोडा बसायचा, पहिल्या दिवसापासून, नेम न धरता.

"आजचं पुरे," ती म्हणाली.

"दोनच परिच्छेद राहिलेत गं."

"रेंडर्ट, पुरे म्हटलं ना."

तिने त्याच संध्याकाळी हातोडा कालव्यात फेकला, आणि फळी उतरवून गवताच्या गंजीमागे उभी केली.

५

फळी बंद झाली म्हणून काही थांबलं नाही. ते आधीच आलेले होते. आणि रेंडर्टने सांगितलंच होतं, तो जाईपर्यंत कुणी हलायचं नाही.

घर भरलेलं होतं. याहून नेमकं तिला सांगता आलं नसतं. भर दुपारी, खिडक्यांतून स्वच्छ उजेड येत असताना, पुढच्या खोलीत शिरताना ती अंग चोरून शिरायची, जशी आपण गच्च भरलेल्या खोलीत शिरतो. तिच्या लक्षात आलं की बिछान्याभोवती ती वळसा घालून चालते, वाटेत काही नसताना. बोलायला तोंड उघडलं की आवाज आपोआप खाली यायचा. पूर्वी या खोलीत बोललं की जरा घुमायचं. आता घुमत नव्हतं. भिंतीला माणसं लागून उभी असली की घुमत नाही.

रेंडर्टचे हात पांघरुणावर हलायला लागले. अंगठे आणि पहिली बोटं जोडून गोल: म्हणजे पाव. त्याच्या पुस्तकात त्या खुणांची सहा पानी यादी होती, तिनेच ती लिहून काढली होती. ज्याने तीस वर्षं एका गोष्टीचा ध्यास घेतला त्याचे हात ग्लानीत त्याच खुणा करणार, यात नवल नव्हतं. फक्त तो खुणा करून थांबायचा, तिच्या डाव्या खांद्याच्या वर बघायचा, आणि मग मान डोलवायचा. उत्तर मिळाल्यावर माणूस डोलवतो तशी.

"कुणाशी बोलतोस?" तिने एकदा विचारलंच.

"चांगली माणसं आहेत," तो म्हणाला. "फार शांत."

"रेंडर्ट, इथे मी आहे. मी आणि तू. आणि कुणी नाही."

त्याने तिचा हात धरला. "तुला भीती वाटते का त्यांची? मला नाही वाटत. मला एकट्याने जायची भीती वाटायची. तुला कधी बोललो नाही. शाळेत मुलांना शूर राजांच्या गोष्टी सांगायचो आणि रात्री पडल्या पडल्या घाम फुटायचा मला. आता नाही फुटत." मग, अगदी सहज, "मला खाली ठेवशील का गं? जमिनीवर?"

"माझा नवरा कुत्र्यासारखा जमिनीवर मरणार नाही," हार्मके म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "तू मरणारच नाहीस. मी जाऊ देणार नाही. कळलं?"

दुसऱ्या दिवशी केर काढताना तिला बिछान्याशेजारच्या मोकळ्या जागेत राख दिसली. शेगडीतली, करडी, मऊ. दोन पट्टे, एकमेकांना मधोमध छेदणारे, मोठ्या माणसाच्या लांबीचे. रेंडर्टला उठून बसता येत नव्हतं. फोको अजून आला नव्हता. तिने ती झाडून काढली, केरभरणीत भरली, बाहेर नेऊन वाऱ्यावर उधळली. दुसऱ्या दिवशी पुन्हा होती. पाच दिवस तिने राख काढली. सहाव्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी रेंडर्टची छाती ऐकली आणि गोठ्याच्या दाराशी बूट घालता घालता म्हणाल्या, "मुलंबाळं, भाऊबहीण, कुणाला कळवायचं असेल तर या आठवड्यात कळवा, बाई."

मुलंबाळं नव्हती. एक रेंडर्टच होता.

६

उपाय तिला ओट्याशी सुचला, मनुकांच्या पावाचं पीठ मळताना. ती स्टिलहेमची होती म्हणूनच तो सुचला.

इथला शेजारधर्म असा: मरणाच्या घरी शेजारी न बोलावता येतात, आंघोळ घालतात, पेटी उचलतात, खड्ड्यावर माती लोटतात. पण त्यालाही शेवट असतो. पुरून परत आलं की घरची बाई सगळ्यांना कॉफी आणि मनुकांचा पाव देते आणि म्हणते, "शेजाऱ्यांनी आपलं काम केलं. घर तुमचं ऋणी आहे. आता आपापल्या घरी जा." हे शब्द झाले की कुणी क्षणभर थांबत नाही. थांबणं म्हणजे घरावर अपशकुन. कप अर्धा असला तरी खाली ठेवायचा आणि निघायचं.

हेही शेजारीच, हार्मकेने विचार केला. आठशे वर्षांपासूनचे. गावाचा बांध त्यांनी घातला, घराच्या विटा त्यांनी भाजल्या. शेजारधर्म त्यांना कळत नसेल तर कुणाला कळणार? आणि त्यांना काम न करताच निरोप मिळाला, तर रिकाम्या हाताने जावं लागेल.

दुपारी दोनला तिने सासूबाईंचे चोवीस कप काढले. ते बोळात, खिडकीच्या कट्ट्यावर, जिन्याच्या पायऱ्यांवर, पुढच्या खोलीतल्या कपाटावर मांडले. ते कमी पडतील असं वाटलं म्हणून रोजचे काढले, मग पाण्याचे पेले. प्रत्येकाशेजारी पावाचा एक तुकडा लोणी लावून. किटलीभर कॉफी तिने एकेक करून सगळ्यांत ओतली. रेंडर्ट झोपलेला होता, तोंड किंचित उघडं, एका श्वासानंतर दुसरा श्वास यायला इतका वेळ घेत होता की प्रत्येक वेळी ती ओतायची थांबायची.

तिने काळा झगा घातला होता. ती बोळाच्या मधोमध उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "शेजाऱ्यांनी आपलं काम केलं. घर तुमचं ऋणी आहे. आता आपापल्या घरी जा."

काही क्षण काहीच झालं नाही. बोळात कॉफीची वाफ वर चढत होती.

मग जमीन कुरकुरली. एका जागी नाही, सगळीकडे एकदम. पुढच्या खोलीतून, जिन्यावरून, तिच्या मागून. तिच्या दंडाला काहीतरी ओलं, खरखरीत घासून गेलं, आणि पुन्हा घासलं, आणि पुन्हा. तिने डोळे मिटून घेतले. पुढचं दार, एकोणीस वर्षं न उघडलेलं, पावसाने फुगलेलं दार, एका झटक्यात उघडल्याचा आवाज आला आणि थंड हवा आत आली. पावलं जात होती. धावत नव्हती, रांगेत, एका लयीत. तिने मोजायला सुरुवात केली, अडतीसपर्यंत मोजलं, मग मोजणं सुटलं.

सगळं शांत झालं तेव्हा तिने डोळे उघडले. खरं तर अजून क्षणभर थांबायला हवं होतं.

दार उघडंच होतं. बाहेर दुपारचा पांढरा उजेड होता. आणि उंबऱ्यावर एक जण अजून होता. तिला दिसलं ते एवढंच: न रंगवलेल्या लोकरीची किनार, पोटरीपर्यंत चिखलाने भिजलेली, आणि दाराची कड धरून ठेवलेला एक हात. म्हातारा हात, कष्टाचा. मागून कुणी येत असलं की आपण त्याच्यासाठी दार धरून उभे राहतो, तसा तो उभा होता.

पुढच्या खोलीत बिछाना कुरकुरला. कित्येक दिवस आपणहून कूस न बदललेला रेंडर्ट उठून बसत होता.

हार्मके धावली. खोलीकडे नाही, दाराकडे. तिने दोन्ही हातांनी, सगळं वजन घालून ते दार लोटलं. तो हात मागे घेतला गेला, घाईने नाही, आणि दार बंद झालं. तिने कडी घातली आणि पाठ लावून खाली बसली.

७

रेंडर्ट वाचला.

डॉक्टरीणबाईंनी ख्रिसमसनंतर दोनदा तपासलं आणि यंत्र बदलून तिसऱ्यांदा तपासलं. हृदय तिशीतल्या माणसासारखं चालत होतं. "मी असं पाहिलं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही काय खायला घालता यांना?" जानेवारीत तो जिना चढला. फेब्रुवारीत बाग खणली. फोकोने अख्ख्या गावाला सांगितलं की हे त्याने रोज उचलून ठेवल्यामुळे झालं, आणि या आनंदात त्याने स्वतःच पकडलेली एक भलीमोठी ईल मासळी आणून दिली.

रेंडर्टचं बोलणं मात्र गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मेंदूतली एखादी बारीक रक्तवाहिनी असेल, परत येईलही. तो रागावलेला नव्हता, दुःखी दिसत नव्हता. नीट जेवायचा, तिने काही सांगितलं की करायचा, तिच्याकडे बघून हसायचा. पुस्तकाचे कागद तिने त्याच्यासमोर ठेवले तर तो ते सारखे करून बाजूला सारायचा. त्या दुपारनंतर त्याने एकही खूण केली नाही. करायला समोर कुणी नव्हतं.

हार्मके सुखी होती. निदान ती स्वतःला तसं बजावत होती, दिवसातून पुष्कळदा. तिला हवं होतं ते मिळालं होतं. तो गरम होता, श्वास घेत होता, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून वाटाण्याचं सूप पीत होता. इतर बायकांना एवढंही मिळत नाही.

"काय गं, तोंड का असं?" फोको विचारायचा. "जिवंत आहे ना? हेच मागत होतीस ना देवाकडे?"

"हो," ती म्हणायची. "हेच मागत होते."

८

मार्चमध्ये त्याने दुपारचं बाहेर जायला सुरुवात केली. तीन वाजले की तो उठायचा, गोठ्यात जाऊन बूट घालायचा आणि कुरणाकडे चालू लागायचा. हार्मकेने चार दिवस खिडकीतून बघितलं. पाचव्या दिवशी ती मागोमाग गेली.

कुरण सपाट, ओलं, वाऱ्याने विंचरलेलं. तो मेंढ्यांमधून सरळ चालत गेला, एका जागी वळला, काही पावलं मोजल्यासारखी टाकली आणि थांबला. तिथे गवत आणि लेंड्या यांच्याखेरीज काही नव्हतं. पण त्या जागेचा नकाशा हार्मकेने तीनदा स्वच्छ करून काढला होता. देवळात संन्यासी प्रार्थनेला दोन ओळींत, समोरासमोर उभे राहायचे. प्रत्येकाची जागा ठरलेली, आयुष्यभर तीच. रेंडर्ट त्यातल्या एका ओळीत उभा होता. हात समोर जुळवलेले, मान किंचित खाली. डावीकडे एका माणसाची जागा सोडलेली, उजवीकडे एका माणसाची.

तो वाट बघत होता. तिने त्याला डॉक्टरची वाट बघताना पाहिलं होतं, मरणाची बघताना पाहिलं होतं. हे तसं नव्हतं. सगळे पुढे गेले आहेत आणि आपण मागे राहिलो आहोत, हे कळलेला माणूस होता तो. आपली जागा सोडायची नाही, इतकंच त्याला उरलं होतं. मध्येच तो मान वर करून समोर बघायचा, मग उजवीकडे, मग पुन्हा खाली.

हार्मकेला ते बघवेना. ती गवतातून चालत गेली आणि त्याच्या डाव्या बाजूला, त्या सोडलेल्या जागेत, त्याच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली.

"मी आहे," ती म्हणाली. "रेंडर्ट, मी येते उभी राहायला. रोज येईन."

त्याने तिच्याकडे पाहिलं. त्याने तिला ओळखलं, याबद्दल तिला शंका नव्हती. तो हसला, तेच जुनं, शाळामास्तरचं, डोळ्यांच्या कोपऱ्यांतलं हसू. मग त्याने तिच्या दोन्ही दंडांना धरलं आणि अगदी हळुवारपणे तिला ओळीबाहेर नेऊन ठेवलं. चर्चमध्ये चुकून दुसऱ्याच्या जागेवर बसलेल्या पाहुण्याला उठवावं, तितक्याच अदबीने. आणि परत जाऊन तो आपल्या जागी उभा राहिला, डावीकडची जागा मोकळी ठेवून.

"ते येणार नाहीत," हार्मके म्हणाली. तिचा आवाज वाऱ्यात विरत होता, म्हणून ती ओरडली. "ऐकतोस का? मी त्यांना घरी पाठवलं. दार मी लावलं, रेंडर्ट. तू उठला होतास आणि मी लावलं."

त्याने ऐकलं असेल किंवा नसेल. तो समोर बघत होता.

वारा बोचरा होता आणि त्याच्या कोटाचं वरचं बटण उघडं होतं. ती जवळ गेली, त्या जागेत पाय पडणार नाही अशा बेताने, आणि ते लावलं. मग बांधापाशी जाऊन, त्याचं होईपर्यंत उभी राहिली.